दाबायचं, बघायचं नाही

आणि वर मलाच विचारतात, एवढं दाबायची काय गरज होती? कोण विचारतं? ज्याचं दाबलं तोच विचारतो. माझा सख्खा थोरला भाऊ. कोपराखाली सगळा हात काळानिळा पडलाय, माझं बोट न् बोट उमटलंय त्यावर, आणि दुकानात जो येईल त्याला बाही वर सारून दाखवतो, "बघा, धाकट्याचं काम." म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं, मी मारलं त्याला. अहो, जीव गेला असता माणसाचा. आमच्याच दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत, कापायच्या टेबलाशेजारी फरशीवर... आणि हा वाचून घरी आलाय तर निळ्या डागांचा जाब विचारतोय.

नाही, थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही त्याचीच बाजू घ्याल. सगळे घेतात.

आमचं काचेचं दुकान. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोंच्या चौकटी, असलं सगळं. वडिलांनी काढलं, वडिलांनंतर दादा बसला, आणि दादानंतर... दादानंतर कोण? दादा उठेल तेव्हा ना. काच कापणार तो दादा. मी काय करणार? मी काच धरणार, काच पुसणार, टेम्पोत चढवणार, गिऱ्हाइकाच्या भिंतीवर नेऊन लावणार, आणि भिंत वाकडी निघाली तर शिव्या खाणार. डोक्यावरचे केस पांढरे झाले माझ्या, पण हिरा काही हाताला लागला नाही. हिरा म्हणजे अंगठीतला नव्हे हो, काच कापायची कलम असते, टोकाला बारीक खडा, तिला आम्ही हिरा म्हणतो. तो दादाच्या खिशात. जेवतानाही खिशात, झोपतानाही उशाशी. कधी चुकून म्हटलं, दादा, ही एवढी छोटी मी कापू का, की उत्तर ठरलेलं. मान वर न करता. "तुझा हात जड आहे. काचेला दाबायचं नाही. नुसतं बघायचं."

बघायचं म्हणजे काय, तर रेघेवर नजर ठेवायची, हात आपला आपण जातो म्हणे. वडील त्याला हेच सांगायचे, तो मला सांगतो. दाबायचं नाही, बघायचं. अहो, माझ्या लग्नात फोटोवाला म्हणाला, नवरीच्या खांद्यावर हात ठेवा, मी ठेवला, तर मागून दादा, "हलका ठेव."

आणि एवढं ऐकून ऐकून, तुम्हाला सांगतो, माझा हात खरोखर हलका झाला हो. म्हणजे कामाचा नाही इतका हलका. दार लोटलं तर लागत नाही. शिक्का मारला तर उमटत नाही. बरणीचं झाकण उघडायला गेलो की बायको म्हणते, "राहू द्या, तुम्ही नुसती गोंजारताय तिला." तरी दादाच्या लेखी हात जडच. आता याला काय म्हणायचं?

तर त्या दिवशी शेजारच्या पार्लरवाल्या बाईंचा आरसा चालला होता. भिंतभर आरसा हवा होता त्यांना, आणि रोज सकाळी कुलूप उघडलं की पहिल्या दारात, "झाला का हो माझा आरसा?" दादा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, नुसता काचेकडे बघतो. शेवटी त्या दिवशी त्याने आरसा टेबलावर घेतला. टेबलावर आमच्या जुनी घोंगडी अंथरलेली असते, काचेला चरा पडू नये म्हणून. दादाने खिशातून हिरा काढला, पट्टी लावली, मी दुसरं टोक धरलं.

आता इथे आमच्या धंद्यातल्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं तुम्हाला वेड्यांच्या घरातलं वाटेल. तसंही वाटेलच. एक, काचेवर रेघ मारली की लगेच मोडायची. त्या रेघेवर काच टक् करून सरळ मोडते, पण उशीर केलात तर रेघ थंड होते, आणि मग काच ऐकत नाही, फुटायची तिकडे फुटते. दुसरी, पडणारी काच धरायची नाही. काही होऊ दे. कितीही मोठी असू दे, कोणाचीही असू दे, पडतेय ना, पडू दे, आपण हात वर करून मागं व्हायचं. या दोन्ही गोष्टी दादानेच मला घासून घासून शिकवल्या, आणि पडणारी काच धरणाऱ्या माणसाला तो गाढव म्हणतो. तोंडावर म्हणतो.

तर, दादा रेघ ओढत होता. माझी मोजपट्टी घरंगळून टेबलाखाली गेली म्हणून मी घोडीच्या बाजूने खाली वाकलो, गुडघ्यावर. वरून तो आवाज आला, हिऱ्याचा, कर्रर्र असा एकसारखा, तो आवाज मला झोपेतही कळतो. रेघ पुरी झाली. आणि लगेच दुसरा आवाज, सरकल्यासारखा. टेबलामागे आमची एक लाकडी घोडी आहे, उरलेल्या काचा तिच्यावर उभ्या टेकवून ठेवतो, तिथली काचेची एक लांब पट्टी निसटली. मी मान वर करतोय तोवर खळ्ळ... काच फरशीवर, तुकडे माझ्या पायांशी, आणि दादा आपला उभा.

"लागलं?" मी विचारलं.

"थोडंसं," दादा म्हणाला.

थोडंसं. अहो, आमच्याकडे कापणं काय नवीन? रोजचं आहे. बोटाला चिकटपट्टी गुंडाळायची आणि पुढची काच घ्यायची, आमच्या दुकानात बोटांवर जेवढी चिकटपट्टी खपते तेवढी खोक्यांवर खपत नाही. पण हे रक्त तसलं नव्हतं हो. हे थेंबथेंब येत नव्हतं. कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला, लांब चीर, आणि तिच्यातून ते नाडीबरोबर उसळत होतं, थांबत होतं, उसळत होतं. समोर तो आरसा आडवा. त्याच्यावर पडत होतं, आणि आरशात खालून तेवढंच वर येताना दिसत होतं. मी तुम्हाला सांगतो, मला एवढं रक्त माणसात असतं हेच माहीत नव्हतं. आणि ते सगळं माझ्या भावाचं होतं.

आणि हा काय म्हणाला असेल? देवाशपथ सांगतो. हात छातीशी धरला त्याने, शर्ट भिजतोय, चेहरा चुन्यासारखा पडत चाललाय, आणि मला म्हणतो, "चिकटपट्टी नंतर. आधी ती काच मोड. रेघ थंड होतेय."

मग मी काय केलं?

मोडली. हसू नका, मोडली मी. तिकडे भाऊ रक्तात उभा आणि मी आरसा टेबलाच्या कडेला सरकवला, दोन्ही हात ठेवले आणि टक्. जन्मात पहिल्यांदा दादाने सांगितलं, मोड, आणि पाय आपोआप गेले हो. आणि काय सरळ मोडली म्हणता. दादाने मान हलवली, "हां," म्हणाला, आणि भिंतीला पाठ घासत घासत खाली बसला. मग माझं डोकं जाग्यावर आलं. मग मी ओरडलो.

ओरडायला घसा आहे, करायला काय, ते कोणाला येतं? मी रुग्णवाहिकेचा नंबर लावला. फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. पलीकडून एक बाई. आता मी ओरडतोय, आणि बाईंचा आवाज असा, की समोर निवांत भाजी निवडत बसल्या असाव्यात. कुठे आहात, काय लागलं, रक्त उसळतंय की ओघळतंय. मी म्हटलं, उसळतंय. "गाडी निघाली," त्या म्हणाल्या. "आता त्यांना आडवं करा. जखमेत काच रुतलेली आहे का?" मी बघितलं, नव्हती. "असती तर ओढायची नाही, ध्यानात ठेवा. आता स्वच्छ कापड घ्या आणि जखमेवर दाबून धरा."

स्वच्छ कापड. काचेच्या दुकानात. मी आधी घोंगडीच ओढायला निघालो होतो, तेवढ्यात आठवलं, तिच्यात वडिलांच्या वेळेपासूनचा काचेचा चुरा आहे. फडकी आहेत ढीगभर, एकेका फडक्यात तोच चुरा. शेवटी अंगातला शर्ट काढला, त्याची घडी केली, दादाच्या हातावर ठेवली आणि दाबली.

म्हणजे मला वाटलं, दाबली.

"दाबलंत?" बाई.

"दाबलं."

"रक्त थांबलं?"

"नाही, येतंय, बाजूने येतंय."

"मग दाबलेलं नाही तुम्ही."

अहो, काय बोलायचं? मी काच धरतो तसा हात धरला होता, दहा बोटांच्या टोकांवर, तोललेला. माझ्या हाताला दुसरं येतच नाही. बाई म्हणाल्या, "बोटांनी नाही, तळहाताने. त्यावर दुसरा तळहात. कोपरं सरळ. गुडघ्यावर बसा आणि अंगाचा भार टाका त्यावर." मी म्हटलं, "बाई, त्याला दुखेल हो." त्या म्हणाल्या, "दुखू दे." एवढंच. दुखू दे. मग मी टाकला भार. दादा केवढ्यांदा विव्हळला, मला म्हणाला, "अरे, हलका धर," आणि तुम्हाला सांगतो, त्या शब्दासरशी माझे हात सैल पडले. आपोआप. एवढ्या वर्षांची सवय. आणि शर्टाखालून गरम गरम यायला लागलं परत.

तेव्हा मी ते केलं जे करू नये. मला वाटलं, बघू तरी थांबलंय का, म्हणून शर्टाचं टोक उचललं.

"काय करताय?" बाईंना कसं कळलं कोण जाणे, मी काहीतरी पुटपुटलो असेन.

"बघतोय."

"बघायला कोणी सांगितलं? रक्त गोठायला लागतं, तुम्ही उचललंत की ते झाकण निघालं. पुन्हा पहिल्यापासून. दाबायचं. बघायचं नाही."

अहो, माझं अख्खं आयुष्य याच्या उलट गेलंय. दाबायचं नाही, बघायचं, हे ऐकत मी म्हातारा होत आलो, आणि इकडे भाऊ हातातून चाललाय आणि टेबलावरून एक बाई सांगतायत, दाबायचं, बघायचं नाही. मी डोळेच मिटून घेतले. दात आवळले. आणि दादाच्या हातावर असा काही बसलो, की माझ्या मनगटाची हाडं वाजली. दादा शिव्या द्यायला लागला. कधी कोणाला शिवी न देणारा माणूस, पण वडिलांच्या दुकानातल्या सगळ्या शिव्या बाहेर आल्या. बाई म्हणाल्या, "शिव्या देतायत? छान. देऊ द्या."

इथवर ठीक होतं. मग माणसं आली.

तुम्हाला सांगतो, जखम परवडली, माणसं नकोत. समोरचा रंगवाला पहिला. आरडाओरडा ऐकून आला, दारात हातावर हात, "अरे बापरे... कितपत खोल आहे? कापड उचल की जरा, बघू." मी म्हटलं, बघायचं नाही. तो म्हणाला, "न बघता कसं कळणार?" अहो, कळून तू काय करणार? रंग देणार? मग म्हणाला, कॉफीची पूड भर त्यात, रक्त धरून ठेवते, त्याच्या मामांनी भरली होती. मामांचं काय झालं, मी विचारलं. तर म्हणाला, ते गेले, पण कशाने ते वेगळं. फोनमधून बाई म्हणाल्या, "जखमेत काहीही घालू नका." मग हा धावत जाऊन सुतळी घेऊन आला, रंगाचे डबे बांधायची, दंडाला करकचून बांधतो म्हणाला. बाई म्हणाल्या, "बारीक सुतळी नको, मांसात रुतेल. दाबून नाहीच थांबलं तर जखमेच्या वर रुंद पट्टी बांधायला मी सांगेन, कशी ते सांगेन. आधी दाबा." रंगवाला फोनकडे बघून मला म्हणतो, "ही कोण?" जशी काही माझी सासू बोलतेय.

मग पार्लरवाल्या बाई. त्या आल्या त्या, खोटं कशाला बोलू, आरशासाठीच आल्या होत्या. "झाला का हो माझा..." आणि पुढचं तोंडात राहिलं. पण बाई धीराची. वळल्या, धावत गेल्या, आणि पार्लरमधल्या धुतलेल्या गुलाबी टॉवेलांची चळतच्या चळत घेऊन आल्या. माझा शर्ट तोवर पार भिजला होता. मी तो काढून टॉवेल ठेवायला गेलो, आणि फोनमधून आवाज, "पहिलं काढायचं नाही. त्याच्यावरच दुसरं ठेवा." ठेवला. दाबला. तोही लाल व्हायला लागला, त्यावर अजून एक. आणि मग पार्लरवाल्या बाईसुद्धा वाकून म्हणतात, "थांबलं का? बघू?"

काय असतं हो माणसाला हे? दाराची फट दिसली की बघू, पाकीट दिसलं की बघू, जखम दिसली की बघू. बघून कोणाला काय मिळालंय? दाबायचं, बघायचं नाही, मी ओरडलो, त्या घाबरून घोडीलाच टेकायला निघाल्या, मी पुन्हा ओरडलो, तिथे नको...

आणि मग वहिनी आल्या. दुकानाच्या मागे घर आमचं, त्यांना कोणीतरी सांगितलं असणार. दारातून दिसलं ते त्यांना एकदमच दिसलं, नवरा फरशीवर, चेहऱ्यावर रंग नाही, आणि दीर उघडाबंब, त्याच्या हातावर चढून बसलेला. काय वाटलं असेल हो त्यांना. सरळ खाली बसल्या, आणि टॉवेल धरून ओढायला लागल्या. "बघू दे मला. भाऊजी, सोडा, बघू दे."

मी वहिनींपुढे आजवर आवाज चढवलेला नाही. आई गेल्यावर माझ्या ताटाकडे लक्ष दिलं ते त्यांनी. आणि मी त्यांना म्हणालो, "हात लावलात तर याद राखा." अहो, हे शब्द माझ्या तोंडून... कसे गेले मला माहीत नाही. त्यांचे डोळे भरले. मलाही रडू फुटलं. मी म्हटलं, "वहिनी, उचललं की पुन्हा सुरू होतं, बाईंनी सांगितलंय, पाया पडतो तुमच्या." मग त्यांनी टॉवेल सोडला, आणि दादाचं डोकं मांडीवर घ्यायला गेल्या, तर फोनमधून बाई म्हणाल्या, सपाटच राहू द्या, अंगावर पांघरूण घाला, गार पडू देऊ नका. वहिनींनी अंगावरची शाल घातली. ते 'हात लावलात तर याद राखा' अजून आमच्यामध्ये उभं आहे. चहा देतात, पण कपबशी अंमळ वाजवून ठेवतात.

दादाच्या शिव्या कमी व्हायला लागल्या, आणि तुम्हाला सांगतो, मला त्याचीच भीती वाटली. "पाणी," म्हणाला. रंगवाला लगेच ग्लास घेऊन पुढे. फोनमधल्या बाई म्हणाल्या, तोंडाने काही द्यायचं नाही, शस्त्रक्रिया करावी लागेल त्यांची. "त्यांना बोलतं ठेवा." आता दादाला बोलतं ठेवा म्हणजे दगडाला पाझर फोडा. सणकून ताप भरला तरी 'हं'च्या पुढे जात नाही. काय बोलू? मग मीच सुरू केलं, आणि काय सुचावं मला? भांडण.

म्हटलं, दादा, तू मला हिरा का देत नाहीस? एवढी वर्षं तुझ्या काचा धरतोय, टेम्पो भरतोय, मी काय हमाल आहे? वडील दोघांचे होते ना? बोल ना. लोक मला विचारतात, तुम्ही काय करता, मी सांगतो, माझा भाऊ काच कापतो... मी रडत होतो, भांडत होतो आणि दाबत होतो, तिन्ही एकदम. दादा अर्धवट डोळे उघडून म्हणाला, "हात... जड आहे तुझा."

म्हटलं, आहे. जड आहे. आज आहे.

आणि मग त्याचे डोळे मिटले. मी हाक मारली, दादा. नाही. वहिनींनी हाक मारली, गालावर थापट्या मारल्या, नाही. फोनमधून बाई म्हणाल्या, "श्वास चालू आहे का?" पार्लरवाल्या बाईंनी नाकाशी हात नेला, चालू आहे म्हणाल्या. "मग तुम्ही सोडू नका, गाडी वळणावर आलीय." सोडतोय कोण. पण माझा भाऊ डोळे उघडत नव्हता हो. माझ्या हाताखाली होता आणि नव्हता. हे मी कोणाला समजावून सांगू शकत नाही. मला वडील आठवले, आई आठवली, मला सायकलवर पुढे बसवून दुकानात आणणारा दादा आठवला. मी त्याच्या कानाशी वाकलो. देवाचं नाव घ्यावं तर तेही येईना. तोंडातून काय निघालं माहितीये?

"दादा, रेघ थंड होतेय."

खाडकन डोळे उघडले. "मोडली नाहीस का?"

"मोडली."

"सरळ?"

"सरळ आहे, दादा."

"मग ओरडतोस कशाला," म्हणाला.

वहिनींचं नाव नाही, मुलांचं नाव नाही, माझं तर नाहीच. आरसा. पण उघडले ना डोळे. मग मी तेच धरलं. डोळे मिटायला लागले की, दादा, पट्टी सरकली. दादा, माप चुकलं. दादा, मी कापू का? याला तर तो उठूनच बसायला बघत होता.

गाडीतली माणसं आली, त्यांनी भराभर सामान काढलं, पट्ट्या, नळ्या, आणि मला म्हणाले, सोडा आता, आम्ही धरतो. मला सोडताच येईना. खरंच येईना, हात कुलूप लागल्यासारखे. एकजण म्हणाला, "सोडा हो." मी म्हटलं, बाईंनी सांगितलंय सोडायचं नाही. त्याने एकेक बोट उचलून माझा हात मोकळा केला आणि त्या टॉवेलांच्या थराकडे बघून दुसऱ्याला म्हणाला, "थांबलंय." थांबलं होतं, तुम्हाला सांगतो. मी तिथेच फरशीवर बसलो. रंगवाल्याने दादाला देऊ नका म्हटलेलं पाणी मला पाजलं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, धमनीच कापली होती, शिवली. म्हणाले, ज्याने दाबून धरलं त्याने वाचवलं. कोण होतं? वहिनींनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझी छाती जरा फुगतेय न फुगतेय तोवर खाटेवरून दादा, "हात जड आहे त्याचा. पहिल्यापासून."

आणि मग वहिनी चिडल्या. एवढा वेळ गप्प होत्या, सगळं त्याच्यावर निघालं. "जगाला सांगता पडणारी काच धरायची नाही, आणि स्वतः हात घातलात? धरणाऱ्याला गाढव म्हणता ना? मग कशाला धरली?"

दादा छताकडे बघत राहिला. मला वाटलं, नेहमीसारखं 'हं' म्हणेल.

"खाली हा होता," म्हणाला.

मी मोजपट्टी शोधत होतो ना टेबलाखाली. माझी मान... काच तिथे येत होती. मला तोपर्यंत कळलंही नव्हतं. मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बराच वेळ. असो.

आता दादाचा हात गळ्यात. बोटं हळूहळू हलतायत, डॉक्टर म्हणतात येईल पूर्ण, वेळ लागेल. दुकान उघडायला तर हवं. आणि तो मोडलेला आरसा पार्लरवाल्या बाईंना दाखवला, धुऊन पुसून, एक डाग नाही, कड बघा म्हटलं कशी सरळ आहे. त्या दोन पावलं मागे गेल्या. "तो नको. त्यात मला तेच दिसेल." बरोबर आहे त्यांचं. म्हणजे नवा आरसा कापायचा. कोण कापणार?

दादाने डाव्या हाताने खिशातून हिरा काढला, माझ्यापुढे धरला. वहिनी दारात, रंगवाला दारात, पार्लरवाल्या बाई दारात. मी हिरा घेतला. किती वर्षांनी हो... हलका असतो, तुम्हाला सांगतो, पेन्सिलीएवढाही भार नाही. पट्टी लावली, श्वास रोखला, रेघेवर हिरा ठेवला आणि ओढला.

फुटली. मधोमध. दुसरी घेतली, तीही गेली. तिसरी तर रेघ सुरू व्हायच्या आधीच. काय करू? त्या दिवसापासून हात सैल पडतच नाही माझा. काही धरलं की तळहात टेकतो, कोपरं सरळ होतात आणि सगळं अंग खाली येतं. घरी दाराची कडी उपटून हातात आली. बरण्या सगळ्या उघडतात, पण झाकणं परत बसत नाहीत. बायको म्हणते, गोंजारायचात तेच बरं होतं.

आणि दादा? तो स्टुलावर बसून असतो, बाही वर करून, निळे डाग दाखवत. मी नवीन काच टेबलावर घेतली की मागून सुरू होतो, तोच आवाज, तेच शब्द, "अरे, दाबायचं नाही. नुसतं बघायचं."

बरं, दादा. बघतो.